न वापरलेली व्हेरिएबल्स आणि इम्पोर्ट: वॉर्निंग परत परत येते तेव्हा काय तपासायचं

आज सगळ्या वॉर्निंग साफ केल्या आणि पंधरा दिवसांनी त्याच फाइलमध्ये पुन्हा तेवढ्याच जमल्या, हा त्रास फक्त नवशिक्यांना होत नाही. आपण ओळ डिलीट करतो, पण ती ओळ न वापरलेली का राहिली हे बघत नाही, म्हणून वॉर्निंग परत येते. कधी ते खरंच उरलेलं सामान असतं. कधी अर्धवट सोडलेली दुरुस्ती असते, तर कधी चुकीच्या नावामागे लपलेला बग. आणि कधी ती ओळ पूर्ण वापरात असते, फक्त लिंटरला (कोड न चालवता त्यातल्या चुका शोधणाऱ्या टूलला) ते दिसत नाही. या चौघांवर एकच औषध चालत नाही.

खालची तपासणी सोप्या आणि फुकटच्या गोष्टींपासून सुरू होते, वेळखाऊ गोष्टी शेवटी येतात. क्रम मोडू नका, कारण शेवटच्या पायऱ्यांना दिवस लागतात आणि पहिल्या पायऱ्यांना मिनिटं. आज्ञा आणि सेटिंगची नावं इथे उच्चाराप्रमाणे लिहिली आहेत, टाइप करताना मूळ स्पेलिंग वापरा.

लक्षणं

- एडिटरमध्ये नाव फिकं पडलेलं दिसतं किंवा त्याखाली पिवळी नागमोडी रेघ येते.
- पायथनमध्ये फ्लेक-एट किंवा रफ हे लिंटर एफ४०१ (इम्पोर्ट केलंय, वापरलं नाही) किंवा एफ८४१ (लोकल व्हेरिएबलला किंमत दिली, पुढे वापरली नाही) दाखवतं.
- टाइपस्क्रिप्टमध्ये टीएस६१३३ येतो. डेव्ह सर्व्हर मजेत चालतो आणि बिल्ड मात्र पडतं.
- गो भाषेत वॉर्निंग नसतेच, थेट कंपाइल एरर येते.
- तुमच्या मशीनवर नुसती वॉर्निंग दिसते आणि सीआयवर (पुश केलेला कोड आपोआप तपासणाऱ्या सर्व्हरवर) तोच कोड लाल होतो.
- वॉर्निंग गेली, पण दुसरंच काही बंद पडलं: नोंद सेव्ह झाल्यावर जाणारा मेसेज जात नाही, डेटाबेसचा ड्रायव्हर सापडत नाही, चार्ट येत नाही.

शेवटचं लक्षण दिसत असेल तर तपासणी क्रमांक ४ ते ६ आधी वाचा. तोवर नवीन काही डिलीट करू नका.

१. तक्रार नक्की कोण करतंय?

प्रोजेक्टच्या मूळ फोल्डरमध्ये टर्मिनल उघडा आणि लिंटर तिथून चालवा: पायथनसाठी रफ चेक, जावास्क्रिप्टसाठी ईएसलिंट, टाइपस्क्रिप्टसाठी टीएससी आणि सोबत नो-एमिट. टर्मिनल स्वच्छ आणि एडिटर ओरडतोय, तर दोष कोडमध्ये नाही. बहुतेक वेळा व्हीएस कोडमध्ये एक पायरी वरचं फोल्डर उघडलेलं असतं आणि आतली कॉन्फिग फाइल उचलली जात नाही, किंवा पायथनचं भलतंच व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंट निवडलेलं असतं. फोल्डर नीट उघडा, कमांड पॅलेटमधून टाइपस्क्रिप्ट सर्व्हर किंवा ईएसलिंट सर्व्हर रीस्टार्ट करा. एवढ्याने गेलं तर पुढचं वाचायची गरज नाही.

टाइपस्क्रिप्ट प्रोजेक्टमध्ये ईएसलिंटचा मूळ नियम आणि टाइपस्क्रिप्ट-ईएसलिंटचा त्याच नावाचा नियम दोन्ही चालू असतील तर एकच तक्रार दोनदा येते, आणि टाइप आणि इनमसाठी मूळ नियम चुकीच्या तक्रारीही करतो. मूळ नियम बंद करा, टाइपस्क्रिप्टवाला ठेवा.

२. मेसेजचा प्रकार बघा

इम्पोर्ट, लोकल व्हेरिएबल आणि फंक्शनचा पॅरामीटर हे तीन वेगळे आजार आहेत. वीस ओळींची यादी आली की आधी तिचे तीन ढीग करा. इम्पोर्टचा ढीग सगळ्यात मोठा असतो आणि बराचसा निरुपद्रवी. तो एडिटरचं ऑटो-इम्पोर्ट तयार करतं: नाव टाइप करताना सुचवलेल्या यादीतून चुकीचं निवडलं, ते खोडलं, पण वर आलेली इम्पोर्टची ओळ तशीच राहिली. व्हीएस कोडमध्ये शिफ्ट, आल्ट आणि ओ दाबलं की इम्पोर्ट लावून-पुसून मिळतात.

इम्पोर्टने बिघडतं काय, हेही भाषेप्रमाणे बदलतं. जावामध्ये न वापरलेल्या इम्पोर्टचा चालू प्रोग्रामवर काही भार नसतो, फक्त वाचणाऱ्याला त्रास. पायथनमध्ये मात्र इम्पोर्ट म्हणजे ती फाइल प्रत्यक्ष चालवणं. एका छोट्या स्क्रिप्टच्या डोक्यावर पांडाज विनाकारण बसलं असेल तर स्क्रिप्ट सुरू व्हायलाच वेळ लागतो. पायथनला एक्स इम्पोर्टटाइम हा पर्याय देऊन चालवलं की कोणत्या मॉड्यूलने किती वेळ खाल्ला ते ओळीने दिसतं.

३. व्हेरिएबल न वापरलेलं, की चुकीचं वापरलेलं?

ही पायरी घाईत सुटते, आणि सगळ्यात महाग बग इथेच सापडतात. लासलगाव किंवा पिंपळगावच्या कांदा लिलावाचा हिशेब करणारं एक फंक्शन घ्या. पायथन ३ मध्ये देवनागरी नावं चालतात, म्हणून कोड तसाच लिहितो:

निव्वळ_वजन = भरलेले_वजन - रिकामे_वजन
क्विंटल = भरलेले_वजन / किलो_प्रति_क्विंटल
रक्कम = क्विंटल * भाव

लिंटर म्हणतो, ‘निव्वळ_वजन’ वापरलेलं नाही. पहिली ओळ डिलीट केली की वॉर्निंग जाते, कोड चालतो, पीआर (बदल मर्ज करण्याची विनंती) मंजूर होतो. आता आकडे घाला. भरलेला ट्रॅक्टर ४,८६० किलो, रिकामा २,२४० किलो, भाव क्विंटलला १,५०० रुपये. खरी रक्कम २६.२० क्विंटलची, म्हणजे ३९,३०० रुपये. हा कोड ट्रॅक्टर-ट्रॉलीसकट ४८.६० क्विंटल धरून ७२,९०० रुपये काढतो. चूक दुसऱ्या ओळीत आहे, तिथे ‘निव्वळ_वजन’ यायला हवं होतं. ती चूक दाखवणारी एकमेव खूण म्हणजे ती वॉर्निंग, आणि डिलीट करून आपण तीच खूण पुसली असती.

म्हणून लोकल व्हेरिएबलची तक्रार आली की फंक्शन वरपासून खालपर्यंत वाचा आणि विचारा: ही किंमत कुणीतरी मुद्दाम काढली होती, मग ती कुठे जायला हवी होती? तिच्यासारख्या नावाचं दुसरं व्हेरिएबल आसपास आहे का? नाव टाइप करताना एखादी मात्रा किंवा अक्षर चुकलं आहे का?

गो भाषेत याचा एक ठरलेला अवतार आहे. बाहेर ‘कनेक्शन’ नावाचं व्हेरिएबल जाहीर केलेलं असतं. आत इफच्या ब्लॉकमध्ये कोलन-बरोबर वापरून त्याच नावाला किंमत दिली जाते. कोलन-बरोबर नवीन व्हेरिएबल तयार करतं, त्यामुळे आतलं कनेक्शन ब्लॉकबरोबर संपतं आणि बाहेरचं निलच (रिकामंच) राहतं. कंपाइलर फक्त ‘जाहीर केलं पण वापरलं नाही’ एवढंच सांगतो. तिथे अंडरस्कोअर टाकून त्याचं तोंड बंद केलं, तर चालू प्रोग्राम निलवर आपटतो. कोलन काढून साधं बरोबर ठेवा आणि ‘एरर’ व्हेरिएबल वेगळं जाहीर करा.

४. उजवीकडे काम होतंय का?

बरोबरच्या चिन्हाच्या उजवीकडे नुसता आकडा किंवा बेरीज असेल तर पूर्ण ओळ काढता येते. फंक्शन कॉल असेल तर थांबा. ‘पावती = पावती_छाप(नोंद)’ या ओळीत पावती हे नाव निरुपयोगी असेलही, पण छपाई त्या कॉलमध्ये होते. फक्त डावी बाजू काढा, कॉल ठेवा. रफही एफ८४१ ची दुरुस्ती असुरक्षित धरतं आणि साध्या फिक्सने करत नाही. अनसेफ-फिक्सेस हा पर्याय सगळ्या रिपोवर (प्रोजेक्टच्या पूर्ण कोडवर) एकदम चालवू नका.

नाशिकच्या अंबड आणि सातपूरमधल्या कारखान्यांसाठी मायक्रोकंट्रोलरचा कोड लिहिणाऱ्यांनी इथे जास्तच सांभाळावं. एव्हीआर चिपमध्ये सीरियल पोर्टचा रिसीव्ह बफर रिकामा करायला डेटा रजिस्टर वाचावं लागतं. वाचलेली किंमत ‘डमी’ नावाच्या व्हेरिएबलमध्ये टाकून सोडून दिली जाते. जीसीसीला वॉल हा पर्याय दिला की ते ‘किंमत दिली पण वापरली नाही’ अशी तक्रार करतं. ती ओळ गेली तर जुने बाइट बफरमध्ये पडून राहतात आणि पुढच्या मेसेजच्या आधी वाचले जातात. टेबलावर सगळं बरोबर चालतं, लाइनवर अधूनमधून चुकीचं रीडिंग येतं, आणि असा बग शोधायला फार जड जातो. व्हेरिएबल काढा, पण रजिस्टरचं वाचन व्हॉइड कास्ट करून ठेवा आणि शेजारी कारण लिहा.

सी आणि सी++ मध्ये आणखी एक पाहा: व्हेरिएबल फक्त असर्टच्या आत वापरलं असेल तर डीबग बिल्डमध्ये वॉर्निंग येत नाही, रिलीज बिल्डमध्ये येते, कारण एनडीबग लावल्यावर असर्ट गायब होतो. सी++१७ पासून त्यासाठी ‘मेबी अनयूज्ड’ ही खूण आहे, तीच लावा.

५. पॅरामीटर आणि मुद्दाम बाजूला काढलेली नावं

एक्सप्रेस या जावास्क्रिप्टच्या वेब फ्रेमवर्कमध्ये एरर हाताळणाऱ्या मिडलवेअरला चार पॅरामीटर लागतात: एरर, रिक्वेस्ट, रिस्पॉन्स, नेक्स्ट. नेक्स्ट बहुधा वापरात नसतो, ईएसलिंट त्याला पकडतं आणि कुणीतरी तो काढून टाकतं. पण एक्सप्रेस फंक्शनचे पॅरामीटर मोजून ठरवतं की हे एरर हँडलर आहे की साधं मिडलवेअर. तीन उरले की तुमचा हँडलर एररसाठी बोलावलाच जात नाही. नाव अंडरस्कोअरने सुरू करा आणि ईएसलिंटच्या नियमात ‘आर्ग्ज इग्नोर पॅटर्न’ला तशी नावं वगळायला सांगा.

दुसरा सापळा याहून वाईट आहे. युजर ऑब्जेक्टमधून पासवर्ड वेगळा काढायचा आणि तीन टिंबांनी ‘बाकीचं’ रिस्पॉन्समध्ये पाठवायचं, ही सर्रास वापरली जाणारी पद्धत. पासवर्ड हे नाव पुढे कुठेच येत नाही, म्हणून वॉर्निंग येते. ते नाव काढलं की पासवर्ड ‘बाकीच्या’त जातो आणि एपीआयमधून बाहेर पडतो. ईएसलिंटमध्ये ‘इग्नोर रेस्ट सिब्लिंग्ज’ ट्रू करा, हे सेटिंग मुळात बंद असतं.

ईएसलिंट ९ वर गेल्यावर जुन्या कोडमध्ये अचानक कॅच ब्लॉकच्या वॉर्निंग दिसायला लागल्या असतील तर घाबरू नका. त्या आवृत्तीपासून कॅचमधलं न वापरलेलं एरर व्हेरिएबलही मुळातच तपासलं जातं. नाव काढून नुसता कॅच लिहिता येतो, पण त्याआधी तिथे एरर लॉग व्हायला हवी होती का, हे बघा. बऱ्याचदा हवी असते.

६. इम्पोर्ट करणं हेच काम असतं तेव्हा

काही इम्पोर्ट नावासाठी नसतात. फाइल लोड झाली की काहीतरी नोंदवलं जातं, तेवढ्यासाठीच ते असतात. हे ठिकठिकाणी भेटतं:

जँगो या पायथनच्या वेब फ्रेमवर्कमध्ये ॲप कॉन्फिगच्या रेडी या मेथडमध्ये सिग्नल्सचा इम्पोर्ट असतो. तो काढला तर एरर येत नाही, सिग्नल फक्त गप्प होतात. नोंद सेव्ह झाल्यावर जाणारा मेसेज जात नाही आणि लॉगमध्येही काही सापडत नाही.

ॲलेम्बिक (डेटाबेसच्या रचनेतले बदल, म्हणजे मायग्रेशन, लिहिणारं पायथनचं टूल) वापरत असाल तर मायग्रेशनच्या एन्व्ह फाइलमध्ये मॉडेल्सचे इम्पोर्ट असतात. ते गेले की ॲलेम्बिकला ती टेबलं तुमच्या कोडमध्ये दिसत नाहीत, डेटाबेसमध्ये मात्र दिसतात. मग ऑटोजनरेट प्रामाणिकपणे टेबल ड्रॉप करणारं मायग्रेशन लिहून देतं. ते न वाचता चालवलं तर डेटा जातो. या फाइलला लिंटरच्या ऑटो-फिक्समधून कायमचं वगळा.

गोमध्ये डेटाबेस ड्रायव्हर अंडरस्कोअर लावून इम्पोर्ट करतात. तो गेला तर ‘अनोळखी ड्रायव्हर’ अशी एरर येते आणि कंसात इम्पोर्ट विसरलात का हेही विचारलेलं असतं. पीएनजी चित्रांचं पॅकेज गेलं तर चित्राचा फॉरमॅट ओळखता येत नाही.

पायटेस्टमध्ये दुसऱ्या फाइलमधून आणलेली फिक्स्चर्स (टेस्टला लागणारी तयारी करून देणारी फंक्शन्स) फक्त पॅरामीटरच्या नावाने जोडली जातात, लिंटरला तो संबंध कळत नाही. ती कॉन्फटेस्ट फाइलमध्ये हलवा, इम्पोर्टची गरजच उरणार नाही. पॅकेजच्या इनिट फाइलमधले इम्पोर्ट बाहेरच्यांसाठी असतात, त्यांना ‘ऑल’च्या यादीत टाका. जावास्क्रिप्टमध्ये सीएसएस किंवा पॉलिफिलचा इम्पोर्ट नावाशिवायच लिहा, म्हणजे कुणी हात लावणार नाही. रिॲक्ट १७ आणि नव्या जेएसएक्स ट्रान्सफॉर्मनंतर मात्र प्रत्येक फाइलच्या डोक्यावरचा रिॲक्ट इम्पोर्ट खरंच नको असतो. जुन्या प्रोजेक्टमध्ये आधी कोणता ट्रान्सफॉर्म चालू आहे ते बघून मगच काढा.

ठेवायचा इम्पोर्ट असेल तर शेजारी नोक्यूए (लिंटरला ती ओळ सोडायला सांगणारी कॉमेंट) लिहा, पण नुसतं नाही: नियमाचा क्रमांक आणि कारण दोन्ही. ‘नोक्यूए: एफ४०१, सिग्नल नोंदवण्यासाठी’ असं. नुसतं नोक्यूए त्या ओळीवरच्या सगळ्याच तक्रारी दाबतं, उद्याच्या खऱ्या तक्रारीसकट. ऑटोफ्लेक हे टूल मुळात फक्त स्टँडर्ड लायब्ररीचे इम्पोर्ट काढतं, ते याच भीतीने. त्याला सगळे काढायला सांगणारा पर्याय न तपासता लावू नका.

७. परत येण्याची वाट बंद करा

इथपर्यंत फाइल स्वच्छ झाली. आता दार लावायचं. छोट्या टीममध्ये, नाशिकच्या कॉलेज रोडवरच्या चार जणांच्या ऑफिसात जशा असतात तशा, सहसा यापैकी काहीतरी उघडं असतं.

प्री-कमिट (कमिट होण्याआधी हुकमधून लिंटर चालवणारं टूल) याची कॉन्फिग रिपोमध्ये आहे, पण प्रत्येक नव्या क्लोनवर ‘प्री-कमिट इन्स्टॉल’ चालवावं लागतं. नवीन मुलगा रुजू झाला किंवा लॅपटॉप बदलला की हे राहतं आणि हुक चालतच नाही. शिवाय नो-व्हेरिफाय लावून कुणीही हुक ओलांडू शकतो. म्हणून तीच तपासणी सीआयवरही हवी. हुक सोयीसाठी, अडवणूक सीआयवर.

ईएसलिंटला मॅक्स-वॉर्निंग्ज शून्य द्या. नाहीतर वॉर्निंग छापून बिल्ड हिरवं होतं आणि महिन्याभरात यादी इतकी लांबते की कुणी वाचत नाही.

लिंटरची आवृत्ती पक्की करा, तीच हुकमध्ये आणि तीच सीआयवर. दोन्हीकडे वेगळी असेल तर ‘माझ्याकडे तर येत नाही’ हा वाद रोजचा. क्रिएट रिॲक्ट ॲपवरचे जुने प्रोजेक्ट मशीनवर बिल्ड होतात आणि सीआयवर पडतात याचं कारण वेगळं आहे: सीआय हे एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल ट्रू असलं की वॉर्निंग एरर धरली जाते, आणि गिटहब ॲक्शन्स ते नेहमी ट्रू ठेवतं. ते फॉल्स करून बिल्ड पुढे ढकलू नका, पुश करण्याआधी आपल्या मशीनवर ट्रू करून बिल्ड चालवा. व्हीटच्या टाइपस्क्रिप्ट टेम्प्लेटमध्येही डेव्ह सर्व्हर टाइप तपासत नाही, बिल्ड तपासतं. म्हणून फक्त ब्राउझरमध्ये चालतंय हा पुरावा धरू नका.

एडिटरमध्ये सेव्ह करताना इम्पोर्ट साफ करण्याचं सेटिंग ‘एक्सप्लिसिट’ ठेवा. मग ऑटोसेव्हच्या वेळी ते चालत नाही, आणि आत्ताच लिहिलेला, पुढच्या ओळीत वापरायचा इम्पोर्ट डोळ्यांदेखत उडत नाही.

मर्जकडेही लक्ष असू द्या. एका इम्पोर्टचे फाइलमध्ये दोन वापर होते, एका ब्रँचने एक काढला आणि दुसरीने दुसरा, तर गिटला कॉन्फ्लिक्ट दिसत नाही, पण मर्जनंतर इम्पोर्ट न वापरलेला उरतो. लिंटर मर्ज झालेल्या कोडवर चालला पाहिजे, नुसत्या ब्रँचवर नाही.

८. पूर्ण रिपोतला मेलेला कोड

पायफ्लेक्सच्या (फ्लेक-एटच्या आतलं टूल) पद्धतीची, एकावेळी एकच फाइल बघणारी टूल्स फाइलच्या वरच्या पातळीवरची न वापरलेली व्हेरिएबल्स आणि फंक्शन्स पकडत नाहीत, कारण दुसरी फाइल ती वापरत असू शकते. त्यासाठी पायथनमध्ये व्हल्चर आणि जावास्क्रिप्टमध्ये क्निप आहे. व्हल्चर प्रत्येक शोधासोबत खात्री सांगतं: न वापरलेला फंक्शनचा पॅरामीटर १०० टक्के, इम्पोर्ट ९० टक्के, फंक्शन, क्लास, व्हेरिएबल ६० टक्के. वरच्या दोन्हींपासून सुरुवात करा. ६० टक्केवाल्या यादीतलं प्रत्येक नाव स्ट्रिंग म्हणूनही शोधा: टेम्प्लेटमध्ये, यूआरएलच्या यादीत, गेट-ॲट्रिब्यूटच्या कॉलमध्ये, क्रॉनच्या नोंदीत. मग गिट लॉगला मोठा एस देऊन ते नाव विचारा, ते कोणत्या कमिटमध्ये आलं आणि वापर कधी सुटला ते दिसतं. एका पीआरमध्ये एकाच मॉड्यूलची सफाई करा, त्यात दुसरा कुठलाही बदल नको, म्हणजे काही बिघडलं तर तेवढाच पीआर मागे घेता येतो.

इथे थांबा आणि जाणकाराला बोलवा

पुढच्या गोष्टी एकट्याने करू नका. कोडला टेस्ट नाहीत आणि तो पैसे, वजन किंवा पगाराचा हिशेब करतो. काढायची ओळ मायग्रेशन, लॉगिन किंवा परवानग्यांच्या फाइलमध्ये आहे. कोड मशीनवर चालतो: इंटरप्ट, व्होलाटाइल रजिस्टर, पीएलसीशी बोलणारं काहीही. तिथे तो कंट्रोलर बसवणाऱ्या इंजिनिअरला विचारल्याशिवाय एकही ‘निरुपयोगी’ वाचन काढू नका, आणि बदल चालू लाइनवर तपासू नका. फाइलच्या डोक्यावर ‘ही फाइल आपोआप तयार झाली आहे’ असं लिहिलंय, तर ती साफ करून उपयोग नाही, पुढच्या वेळी पुन्हा तशीच येईल. ती तयार करणाऱ्या टूलचं कॉन्फिग ज्याच्याकडे आहे त्याला गाठा. आणि ओळ काढल्यावर प्रॉडक्शनमध्ये काही बिघडलं, तर तिथेच दुरुस्ती करत बसू नका. आधी कमिट रिव्हर्ट करा, मग सीनियरला फोन.

त्यांना सांगताना वॉर्निंगचा पूर्ण मजकूर क्रमांकासह, फाइल आणि ओळ, लिंटरची आवृत्ती, गिट ब्लेममध्ये दिसणारा ती ओळ आणणारा कमिट आणि तुम्ही आतापर्यंत काय काय काढलं ते पाठवा. स्क्रीनचा फोटो नको, मजकूर कॉपी करून पाठवा, म्हणजे त्यांना नाव शोधता येईल.